घर घेण्याआधी घर तपासा

2010 च्या मार्चमध्ये आम्ही आयुष्यातले पहिले घर घेतले. रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, चार मजली इमारत, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घर वापरलेले होते, पण आत पाऊल टाकताच नव्या रंगाचा वास आला. भिंती दुधासारख्या पांढऱ्या. मुलांच्या अम्मीने ओटा पाहिला, अब्बांनी किबला कुठल्या बाजूला येतो ते पाहिले, आम्ही शाळा आणि मशीद किती मिनिटांवर आहेत ते मोजले. अर्ध्या तासात पसंती झाली. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे, अम्मीच्या दोन बांगड्या आणि आमची नोकरीतली सात वर्षांची बचत, सगळे त्या घरात गेले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या खोलीच्या छताला रुपयाएवढा डाग दिसला. ऑगस्टमध्ये तो ताटाएवढा झाला. पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला आणि त्याखालून काळपट बुरशी निघाली. कपाटातले कपडे, मुलांची पुस्तके, अम्मीची जानमाज, सगळ्यांना कुबट वास. धाकट्या मुलीचा खोकला पावसाळा संपेपर्यंत गेला नाही. शेवटी शेजारच्या आपा म्हणाल्या, "मास्तर, या खोलीचा तर दरवर्षीचाच त्रास आहे. वरच्यांची मोरी गळते. तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत!"

खरेच, आम्ही विचारले नव्हते. बाजारात भेंडी घेताना आपण टोक मोडून पाहतो, कलिंगड ठोकून घेतो, ईदच्या बकऱ्याचे दात मोजतो. आणि आयुष्यभराची कमाई जिथे घालायची, ते घर मात्र अर्ध्या तासात पसंत करतो. आमच्या हातून झाले ते आपल्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख.

भिडेची किंमत

आम्ही का विचारले नाही? विकणारे गृहस्थ ओळखीचे होते, जुम्म्याला एकाच सफेत उभे राहायचो. "भिंत ओली होते का?" असे विचारले तर त्यांच्या इमानावर शंका घेतल्यासारखे होईल, असे वाटले. ही भीड आपल्या समाजात फार आहे. नात्यातला व्यवहार, बिरादरीतला माणूस, मग तपासणी कसली?

पण दीन काय सांगतो ते पाहा. मदिनेच्या बाजारात प्रेषित सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, अशी त्याला समज दिली गेली आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले गेले. ही हदीस आपण मुलांना शिकवतो. त्यात विकणाऱ्यासाठी सबक आहेच, पण घेणाऱ्यासाठीही एक इशारा आहे: ढीग वरून कोरडा दिसत होता, हात आत घातला म्हणून ओल कळली. ओल्या भिंतीवरचा नवा रंग म्हणजे ओल्या धान्यावरचा कोरडा थरच.

आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' हा खरेदीदाराचा हक्क मानलेला आहे. लपलेला दोष नंतर निघाला तर सौदा परत करण्याचा तो हक्क. देशाचा कायदाही यापासून फार दूर नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. यातले 'साधारण काळजी' हे शब्द लक्षात ठेवावेत. डोळे उघडे ठेवून जे दिसले असते, ते पाहणे हे घेणाऱ्याचेच काम आहे. म्हणून तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे, ती आपली जबाबदारी आहे.

आपल्या घरांना तपासणीची गरज जास्त का?

व्याजापासून दूर राहण्यासाठी आपल्यातली पुष्कळ कुटुंबे बँकेचे कर्ज घेत नाहीत. काटकसर करून, आखाती देशातून आलेल्या पैशातून, दागिने मोडून रोखीने घर घेतात. नियत चांगली आहे. पण एक गोष्ट नजरेआड होते. कर्ज देताना बँक आपला वकील लावून कागद तपासते आणि माणूस पाठवून इमारत पाहते. ती तपासणी बँकेच्या पैशांसाठी असते, तरी उघड घोळ असलेली इमारत तिथे अडते. कर्ज न घेणाऱ्याला ही चाळणी मिळत नाही. ती त्याने स्वतःच लावायला हवी.

दुसरे कारण म्हणजे स्वस्ताईचा मोह. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि 74 जीव गेले. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी आमच्याच जिल्ह्यात महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, 16 माणसे गेली. दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या एका मुलाला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढले, तेव्हा घराघरांत लोक टीव्हीसमोर रडत होते. ती इमारत काही जुनाट नव्हती. त्या रात्री आमच्या इमारतीतले सगळे पुरुष बॅटरी घेऊन खाली उतरले आणि पहिल्यांदाच आपल्या इमारतीचे खांब पाहू लागले. दहा वर्षे आम्ही त्या खांबांच्या शेजारी स्कूटर लावत होतो.

आधी कागद

भिंतीला हात लावण्याआधी कागद मागावेत. नवे घर असेल तर प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः पाहावा. 500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरच्या आणि आठहून जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी निम्मे द्या, करार नंतर करू" असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. मंजूर नकाशाप्रमाणे काम झाले आणि इमारत राहण्यायोग्य आहे, याची ती पालिकेची मोहोर. "लोक राहतातच आहेत" हे त्याचे उत्तर नव्हे. वापरलेल्या घरासाठी आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, सूची दोन, सोसायटीचा भागदाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टी आणि विजेचे शेवटचे बिल पाहावे. जमिनीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका. हे वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि तो वकील आपला असावा, दलालाने आणलेला नको.

मग भिंत

आमचे मेहुणे चौदा वर्षे कुवेतला आहेत. 2018 मध्ये त्यांना गावाकडे वापरलेले घर घ्यायचे होते. विकणारे दूरचे नातेवाईक, इमारत बावीस वर्षांची. मेहुण्यांनी व्हिडिओवर घर पाहिले आणि विसार पाठवायला निघाले. आम्ही म्हणालो, "भाईजान, एक महिना थांबा. पाऊस पडू द्या." ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्याला फी देऊन बरोबर घेतले. ते दोन तास घर पाहत होते आणि आम्ही वही घेऊन मागे विद्यार्थ्यासारखे फिरत होतो. त्या दिवशी शिकलेले सगळे इथे मांडतो. यातले निम्म्याहून जास्त कोणीही करू शकेल.

वेळ. घर दोनदा पाहावे. एकदा भरदुपारी उजेडात, एकदा पाणी येते त्या वेळी. शक्य असेल तर जोरदार पाऊस पडून गेल्यावर. नुकताच रंग दिलेले घर असेल तर जास्त बारकाईने पाहावे. एकाच खोलीला किंवा छताच्या एकाच भागाला ताजा रंग असेल तर कारण विचारावे.

ओल. दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो का? कपाटे पुढे ओढून मागची भिंत पाहावी. खिडकीच्या खालचा भाग, मोरी आणि संडासाला लागून असलेल्या भिंती, छताचे कोपरे पाहावेत. फुगलेला रंग, भिंतीवर आलेली पांढरी भुकटी, काळे ठिपके ही ओलीची खूण. सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन पाणी साचते का ते पाहावे. वर कोणी राहत असेल तर त्यांची मोरी आपल्या कुठल्या खोलीवर येते ते विचारावे.

मोरी. तांब्याभर पाणी टाकून पाहावे. ते जाळीकडे वाहिले पाहिजे, उंबऱ्याकडे नव्हे. खालच्या शेजाऱ्यांची परवानगी मिळाली तर जाळी बंद करून मोरीत चोवीस तास पाणी साठवावे आणि दुसऱ्या दिवशी खालचे छत पाहावे. गळती असेल तर बहुधा तिथेच कळते.

भेगा. प्लास्टरवरची केसासारखी बारीक भेग सहसा घाबरण्यासारखी नसते. तिरकी जाणारी, रुंद होत जाणारी, खांब आणि तुळई मिळतात तिथली किंवा तुळईच्या लांबीने धावणारी भेग मात्र अभियंत्याला दाखवावीच. भेगेतून तांबूस डाग ओघळला असेल तर आतली सळई गंजत आहे असे समजावे. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. कोकणात दमट, खाऱ्या हवेमुळे हा रोग लवकर लागतो. भिंत आणि फरशी नाण्याने ठोकून पाहावी. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो.

दारे-खिडक्या. सगळ्या उघडून-मिटून पाहाव्यात. दार अडकत असेल तर लाकूड ओलीने फुगले आहे की चौकटच तिरकी झाली आहे, ते पाहावे. चौकटीवर मातीच्या बारीक रेषा दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी.

पाणी. सगळे नळ एकदम सोडून धार पाहावी. पाणी नगरपालिकेचे की बोअरिंगचे, दिवसाला किती वेळ येते, मे महिन्यात टँकर लागतो का, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारावे. घरातल्या बायकांना बरोबर न्यावे. पाण्याचे खरे उत्तर बायका बायकांनाच देतात.

वीज. मीटर कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. गळतीच्या विजेत प्रवाह तोडणारा स्विच बसवला आहे का? त्यावरचे चाचणीचे बटण दाबले की वीज गेली पाहिजे. अर्थिंग नीट आहे की नाही ते वायरमनकडून पाहून घ्यावे. जिथे मुले आहेत तिथे याला पर्याय नाही.

माप. टेप घेऊन खोल्या स्वतः मोजाव्यात. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट, हे सहावीचे गणित आहे. रेरा कायद्यातल्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. करारात चटई क्षेत्रच लिहिलेले असावे.

इमारत. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि हेच पाहायचे राहून जाते. आपण फक्त चार भिंती घेत नाही, पूर्ण इमारतीतला वाटा घेतो. खाली पार्किंगमध्ये जाऊन प्रत्येक खांबाचा पाया पाहावा. सांडपाण्याचे पाइप कुठे गळतात, बाहेरच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे का, तळमजल्याच्या दुकानदाराने जागा वाढवण्यासाठी खांब किंवा भिंत तोडली आहे का, गच्चीवर जादा टाक्या आणि पत्र्याच्या खोल्या चढवल्या आहेत का, ते पाहावे. सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी अशी तपासणी व्हायला हवी.

मेहुण्यांसाठी पाहिलेले घर आतून उत्तम होते. आमचे अभियंता खाली पार्किंगमध्ये आले, बसले, आणि कोपऱ्यातल्या दोन खांबांकडे बराच वेळ पाहत राहिले. उभ्या भेगा, तांबूस डाग, एका ठिकाणी काँक्रीट निघून सळई उघडी. सोसायटीने तपासणी कधीच केलेली नव्हती. त्यांनी अहवालात लिहिले, "संपूर्ण इमारतीची संरचनात्मक तपासणी झाल्याशिवाय खरेदीचा निर्णय घेऊ नये."

आम्ही सौदा थांबवला. नातेवाईक नाराज झाले. "मास्तरांनी घराला नाव ठेवलं" असे लग्नाच्या एका दावतीत आमच्या कानावर आले. वर्षभर अबोला राहिला. पुढे सोसायटीने तपासणी करून घेतली, खांबांची दुरुस्ती निघाली आणि प्रत्येक घराला मोठी वर्गणी भरावी लागली. त्यानंतर त्याच नातेवाइकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "तुमच्यामुळे निदान डोळे तरी उघडले." मेहुण्यांनी दोन वर्षांनी दुसरीकडे घर घेतले, तेही असेच तपासून.

अभियंता कोण, आणि काय मागावे?

पालिकेकडे नोंदणी असलेला स्थापत्य किंवा संरचना अभियंता पाहावा. त्याची फी आपण द्यावी. ज्याला सौदा होण्यात कमिशन आहे, त्याने पाठवलेला माणूस नको. अहवाल तोंडी नको. फोटोसह लेखी घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या करून मागाव्यात: धोकादायक काय, खर्चाचे काय आणि किरकोळ काय. रंग आणि सैल कडी किरकोळ, गळकी मोरी खर्चाची, गंजलेला खांब धोक्याचा. पहिल्यासाठी सौदा मोडू नये, दुसऱ्यासाठी किंमत कमी करून घ्यावी, तिसऱ्यासाठी पैसे परत खिशात ठेवावेत. अभियंत्यालाही भिंतीच्या आतले सगळे दिसत नाही, हेही ध्यानात असावे. शंका मोठी असेल तर काँक्रीटची ताकद आणि सळईचा गंज मोजणाऱ्या चाचण्या असतात. त्या सोसायटीमार्फत कराव्या लागतात.

तपासणी विसार देण्याआधी करावी. आधी द्यावाच लागला, तर "तपासणीत मोठा दोष निघाल्यास रक्कम परत" असे लिहून घ्यावे. कुराणात देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ओळखीच्या माणसाशी लिहू नये असे कुठेही म्हटलेले नाही.

नवे घर असेल तर

नवे आहे म्हणून तपासणी सोडू नये. ताबा घेण्याच्या दिवशी वही-पेन घेऊन खोलीवार यादी करावी, फोटो काढावेत आणि ती यादी बिल्डरला देऊन पोच घ्यावी. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. म्हणून तक्रार लेखी आणि तारखेसह करावी. आपण बिल्डरकडून नाही, पहिल्या मालकाकडून घर घेतले आणि पाच वर्षे संपलेली नसली, तरी वकिलाला विचारावे. पुढे विकत घेणाराही या कायद्याच्या व्याख्येत येतो.

आम्ही विकणारे झालो तेव्हा

2021 मध्ये अब्बांना जिने चढवेनात. तळमजल्याचे घर घ्यायचे ठरले आणि आमचे ते पहिले घर विकायला काढले. मधल्या काळात वरच्या शेजाऱ्यांबरोबर निम्मा खर्च करून त्यांची मोरी दुरुस्त केली होती. तरी मोठ्या पावसात छताच्या कोपऱ्यात हातभर डाग यायचाच.

दलाल घर पाहून गेला. जाताना म्हणाला, "मास्तर, मार्च चालू आहे. एक हात रंग मारून घ्या. दीड-दोन लाखांचा फरक पडेल."

त्या रात्री झोप लागली नाही. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचे वर्ष होते. दीड लाख आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. आमच्याशीही कोणी असेच वागले होते, मग आम्हीच का नुकसान सोसावे, असेही मनात आले. सकाळी फजरनंतर मुलांच्या अम्मीला सांगितले. ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पण लहान मूल असेल."

खोलीला रंग दिला नाही. पहिले गिऱ्हाईक डाग पाहून निघून गेले, दुसऱ्याने चारदा फोन करून नाही म्हटले. तिसरे एक तरुण जोडपे होते. आम्ही डाग दाखवला, मोरीच्या दुरुस्तीची पावती दाखवली आणि पावसात किती ओल येते ते हाताने दाखवले. ते अभियंत्याला घेऊन आले. सव्वा लाख कमी करून सौदा झाला. ते पैसे गेल्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणे खोटे होईल. मुलीच्या फीसाठी पतपेढीत ठेवलेली ठेव मोडावी लागली.

जुलैत त्या तरुणाचा फोन आला. आमच्या छातीत धस्स झाले. तो म्हणाला, "सर, डाग आला. पण तुम्ही सांगितलात तेवढाच आला. पावसाळा संपला की मोरीचं काम पुन्हा करून घेतो. तुम्हाला सांगावंसं वाटलं, इतकंच."

अल्लाहचे शुक्र मानले आणि फोन ठेवला.